संपादकीय : कागदावरचं पाणी

दोस्तांनो, आपल्यातल्या काही शूर शिपायांना 'अनुदान' शब्द ऐकला की मळमळतं. अर्ज लिहिणारा तो दलाल, घोषणा देणारा तेवढा खरा. मी दहावी पास. दिवसा गोदीत बोजे उचलतो, रात्री कविता लिहितो. हा सोवळेपणा मला मंजूर नाही.

1974 च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत आपली पोरं डोकी फुटेस्तोवर लढत होती. त्याच साली सरकारनं दलित वस्ती सुधार योजना काढली. 2020 च्या डिसेंबरात मंत्रिमंडळानं जातीवाचक नावं पुसायचं ठरवलं, योजनेचंही नाव बदललं. पाटी नवी, गटार जुनंच. पण तिजोरीत आपल्या मायबापाचा घाम आहे. आपला वाटा मागायला लाज कसली?

वाशिम जिल्हा बघा. 2011 च्या जनगणनेत शंभरातली जवळपास एकोणीस माणसं अनुसूचित जातींची. 2018 साली दिल्लीनं ह्या जिल्ह्याला 'आकांक्षित' म्हटलं. मागासचं गोड नाव! 2016 च्या दुष्काळात इथंच, मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरला, आपल्या एका मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं. गड्यानं मजुरी सांभाळून 40 दिवस एकट्यानं विहीर खणली. पेपरांनी त्याला हिरो केला. मी विचारतो, वस्तीच्या नावानं निघणारा पैसा तेव्हा कुठं झोपला होता?

आमचीही वस्ती ह्याच जिल्ह्यातली. माणसं 84. 2011 च्या शासन निर्णयात 51 ते 100 लोकवस्तीला 8 लाखांची मर्यादा होती. हा अर्ज एकटा माणूस करत नाही, ग्रामपंचायत करते. म्हणजे किल्ली ग्रामसभेत, आणि तिथं आमची माणसं दाराशी उभी राहायची. एका 1 मेला आम्ही मुंबईची पोरं गावी गेलो. वस्तीतल्या बायांना पुढं बसवलं. गाववाले म्हणाले, पैसा मोठ्या रस्त्याला लावू, तुम्ही पण त्याच रस्त्यानं जाता ना! तशी एक म्हातारी उठली : "रस्ता तुमच्या दारातून जाते. पानी आमच्या दारात येत नाही. लिवा आधी." लिहिलं. पाइप कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत, तेही लिहिलं. 'वस्तीत काम' असं मोघम लिहिलं की पैसा गावभर हिंडतो, वस्तीत येत नाही.

मग लोकसंख्येचा दाखला, जागेचा दाखला, इंजिनियरचं अंदाजपत्रक, हे काम आधी झालेलं नाही असा दाखला. मधल्या एका टेबलावर साहेब म्हणाले, फाइल आलीच नाही. आमच्याकडं आवक नंबराची पोच होती. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, फी रुपये 10. फाइलला पाय फुटले. मंजुरी आली.

नुसत्या कागदानं झालं म्हणू नका. 1923 ला बोले ठराव झाला, 1924 ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. पण कागदावर! 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर उतरले तेव्हा पाणी ओठाला लागलं. नंतर 1937 पर्यंत तेच तळं कोर्टात लढवलं, कागदानंच. बाबासाहेबांनी पाय आणि कागद दोन्ही वापरले. आपण एकच हात का बांधून घ्यायचा?

आणि मंजुरीवर नाचू नका. ठेकेदार येईल, मोजमाप पुस्तिकेत भलतेच आकडे चढतील. चर किती खोल, पाइप किती इंची, ते बघायला दोन पोरं रोज उभी करा. नळाला पाणी आल्याशिवाय कुणाला सह्या देऊ नका.

शहरातल्या पोरांनो, पुढच्या ग्रामसभेला गावी जा. मोर्चात हात वर करता, तिथंही करा. ठराव वाचून घ्या, नक्कल घ्या, पोच घ्या.

जय भीम!