झगमगाट त्यांचा तो ‘कला’, आमचा तो ‘भडक’?

भीमजयंतीची रोषणाई पाहून नाक मुरडणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे : हाच झगमगाट संग्रहालयात दिसला की तुम्ही त्याला कला कसे म्हणता?

१९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला बेदम मारले. त्याने हादरलेल्या निक केव्ह या कृष्णवर्णीय कलावंताने १९९२ मध्ये शिकागोतल्या बागेत काटक्या वेचून अंगभर पोशाख केला. हालचालीबरोबर तो वाजे, म्हणून ‘साउंडसूट’. पुढच्या पोशाखांत टिकल्या, मणी, बटणे आली. आतल्या माणसाचा वर्ण, वर्ग, लिंग कळतच नाही. त्याच्या २०१६ च्या ‘अनटिल’ या कलाकृतीत खालून फक्त चमचमते स्फटिक दिसत. शिडी चढल्यावर काळ्यांची विटंबना करणारे पुतळे दिसत. ही सजावट अपमानाची आठवण पुसत नाही, समोर आणते.

आमच्याही सजावटीमागे इतिहास आहे. इंदूर संस्थानात सवर्णांनी बलाई समाजाला जरीकाठी पागोटी आणि त्यांच्या स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने घालायला मनाई केली. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये ही नोंद केली आहे. ज्यांच्या नटण्यावरच बंदी होती, त्यांना साधेपणा शिकवणारे तुम्ही कोण?

मित्रांनो, रोषणाई कराच. पण कमानीजवळ एका फलकावर ही मनाईही लिहा. नाहीतर उरेल ती फक्त डीजेवाल्याची लाइट.

जय भीम!