मोजले रक्तात, बिघाड आतड्यात

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने आतड्यांविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण मुद्दा मोजमापाचा आहे, आणि मोजमाप हा आमचाच विषय.

एचआयव्ही हा विषाणू ‘सीडी-४’ जातीच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो, हे तुम्ही वाचलेच असेल. रोजच्या गोळ्यांनी रक्तातील विषाणू इतके घटतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि या पेशींची संख्याही पुन्हा वाढते. येथे आपला वर्गातला धडा संपतो. माझ्या मते तो फार लवकर संपतो.

शरीरातील लसिकापेशींपैकी जेमतेम २ टक्के रक्तात असतात. त्यांचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो. आमच्या आलापल्लीच्या नाक्यावर उभे राहून वनरक्षक मोजावेत आणि आतल्या जंगलाची राखण ठीक चालली आहे असे ठरवावे, तसा हा प्रकार! अर्थात रक्त सुईने काढता येते. आतड्याचा तुकडा तपासायचा तर दुर्बिणीची नळी आत घालावी लागते. सोयीच्या जागी मोजण्यात गैर काही नाही. कोठे मोजले, हे मात्र विसरता कामा नये.

आतड्याचे अस्तर एकाच पेशीइतके जाड असते. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जीवाणू, दुसऱ्या बाजूला आपले रक्त. अस्तरातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. ही डागडुजी चालू ठेवणाऱ्यांत ‘टीएच-१७’ नावाच्या सीडी-४ पेशी महत्त्वाच्या. त्या इंटरल्युकिन-२२ हे प्रथिन सोडतात. ते पोचले की अस्तर नव्या पेशी घडवते, जंतुनाशक प्रथिनेही बनवते. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणूचा घाला या पेशींवर पडतो. गवंडीच गेले, मग भिंत कोण लिंपणार? २००६ साली अमेरिकेतील ब्रेंचली, डूएक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जीवाणूंच्या कवचाचे तुकडे अशा अस्तरातून रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणेला सतत चेतवत ठेवतात. औषधांनी हे बरेच कमी होते, पण अनेकांत पूर्ण थांबत नाही. रक्तातील पेशी भरून आल्या तरी आतड्यातील मागे राहतात. या धुमसण्याचा संबंध पुढे उद्भवणाऱ्या हृदयविकाराशीही जोडला जातो.

यावरून औषधे कुचकामी आहेत असे कोणी म्हणेल, तर तो अन्याय होईल. २०११ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, असे तीत आढळले.

‘लवकर’ हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो. १ एप्रिल २००४ रोजी आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा सर्वसाधारणपणे रक्ताच्या घनमिलिमीटरमधील सीडी-४ पेशी २०० च्या खाली येईपर्यंत थांबत असत. औषधे महाग होती, त्यांचा त्रासही अधिक होता. त्या वेळच्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. पण रक्तातला आकडा उतरण्याची वाट पाहिली जात असताना आतड्यातील पेशी केव्हाच गेलेल्या असत. २०१७ पासून लागण आढळताच, आकडा कितीही असो, औषध सुरू करण्याचे धोरण आले.

पाठ्यपुस्तकात रक्तपेशीच्या आकृतीशेजारी आतड्याच्या अस्तराची एक आकृती घालायला अर्धे पान पुरेल. तोवर शिक्षकांनी ती फळ्यावर काढावी.