वेढ्यांचा भाव

भालकी तालुक्यातील एका खेड्यात लग्नानिमित्त आम्ही गेलो होतो. ऐन मुहूर्ताच्या सुमारास वीज गेली. भाड्याचा जनरेटर तयारच होता. मंडपवाल्याकडच्या पोराने दोन्ही टोकांस पिना असलेली एक वायर काढली. एक टोक जनरेटरला लावून दुसरे तो ओसरीवरील सॉकेटमध्ये घालणार, तोच वऱ्हाडात बसलेले एक निवृत्त लाइनमन ताडकन उठले. "अरे, काढ ती वायर! आमचा माणूस खांबावर चढला असेल!"

पोर गोंधळले. घरातले 230 व्होल्ट वेशीबाहेरच्या खांबावरील माणसाला काय करणार? आमच्या वाचकांपैकीही पुष्कळांस हीच शंका येईल.

गावाच्या कडेला दोन खांबांवर जी पेटी असते, तिला कोणी डी.पी. म्हणतात, कोणी टी.सी. तिचे शास्त्रीय नाव रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. तिच्यात फिरणारे असे काही नाही. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर प्रत्येक फेजसाठी तारेच्या वेटोळ्यांची एक जोडी असते. दोन्ही वेटोळी एकमेकांपासून अलग, तेलात बुडालेली. एका वेटोळ्यातून दिशा बदलणारा प्रवाह गेला की गाभ्यातील चुंबकत्व त्याबरोबर बदलते, आणि त्या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. फॅरेडेने हे 1831 साली दाखवून दिले.

मर्म असे, की गाभा एकच असल्याने दोन्हीकडे दर वेढ्यामागे सारखाच दाब पडतो. समजा, एका वेढ्यामागे 5 व्होल्ट पडले. तर 11000 व्होल्टच्या बाजूस 2200 वेढे लागतील आणि 250 व्होल्टच्या बाजूस 50. दर वेढ्याचे व्होल्ट कमीजास्त धरले तरी 44 ला 1 हे प्रमाण ढळत नाही. या 250 चे आपल्या घरी येईतो 230-240 उरतात. बाकीचे तारेत खर्ची पडतात.

मग 11000 चे 250 झाले, तेव्हा उरलेली वीज गेली कुठे? बिदर-गुलबर्ग्याच्या जुन्या मंडळींस हे सांगणे सोपे आहे. निजामी राज्यात हाली शिक्का चाले. सोलापूरच्या बाजारास जायचे तर कलदार घ्यावे लागत. सात हालींना सहा कलदार हा भाव. आकडा बदले, ऐवज बदलत नसे. रोहित्रातही व्होल्ट ज्या प्रमाणात घटतात, त्याच प्रमाणात अँपिअर वाढतात. 63 केव्हीएच्या रोहित्रात पूर्ण भारावर वरच्या वेटोळ्यातून सुमारे 1.9 अँपिअर वाहतात, तर खालच्यातून सुमारे 84. थोडी वीज उष्णतेत जाते, तो सराफाचा बट्टा समजावा.

परंतु सराफाच्या पेढीवर हालीचे कलदार होत, तसे कलदाराचे हालीही होत. रोहित्रास सुलट-उलट असा भेद नाही. घरातील सॉकेटमधून जनरेटरचे 230 व्होल्ट उलट शिरले, तर 44 च्या पटीने वरच्या तारांमध्ये ते 10120 होऊ शकतात. गावाच्या भारामुळे लहान जनरेटर बंद पडेलही. पण तो भार तुटलेला असला तर पडणार नाही. शिवाय गावातील खांबांवरच्या तारांत हे 230 व्होल्ट थेटच पोचतात, आणि माणसाचा जीव घेण्यास तेही पुरेसे आहेत. लाइनमन तार जमिनीशी जोडून मगच हात घालतो, हे खरे. पण त्याच्या दक्षतेच्या भरवशावर आपण निष्काळजी राहावे काय? छतावरील सौर संचसुद्धा बाहेरची वीज जाताच आपण होऊन बंद पडतो, तो याच कारणासाठी.

उपाय साधा आहे. जनरेटर चेंजओव्हर स्विचमधूनच जोडावा, म्हणजे बाहेरची तार आणि जनरेटर यांची गाठ कधीच पडत नाही. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. दोन्ही टोकांस पिना असलेली वायर घरात ठेवूच नये. तार तुटलेली दिसली तर हात न लावता 1912 या क्रमांकावर कळवावे.

त्या दिवशी वायर निघाली. वऱ्हाडातीलच एका वायरमनने जनरेटर रीतसर जोडून देईतो मंगलाष्टके गॅसबत्तीच्या उजेडात झाली. मुहूर्त टळला नाही, आणि खांबावर कोणी असेलच तर तोही सुखरूप घरी गेला असेल.