‘आध्यात्मिक भांडवल’ मोजायचे, पण कुणाच्या मापाने?

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’च लिहा, हे आवाहन वस्त्यावस्त्यांत पुन्हा होईल, आणि व्हायलाच हवे. पण रकान्यातून कळते ती फक्त संख्या: २०११ मध्ये देशात सुमारे ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. धम्म स्वीकारल्याने समाजाच्या हाती काय आले, हे त्यातून कळत नाही.

या प्रश्नासाठी समाजशास्त्रात ‘आध्यात्मिक भांडवल’ ही संज्ञा आहे. पिएर बोर्दियू यांनी आर्थिक, सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल वेगळे करून दाखवले. पुढे पीटर बर्गर आणि रॉबर्ट हेफनर यांनी धर्मपरंपरेतील सहभागातून येणारे ज्ञान, प्रभाव आणि वृत्ती यांना हे नाव दिले. (शब्दातच आत्मा बसला आहे, अनात्म मानणाऱ्यांनी ‘धम्म-भांडवल’ म्हणावे हे बरे.)

खरी अडचण मोजण्यात आहे. प्रार्थनास्थळी किती वेळा जाता, दान किती देता, हे नेहमीचे प्रश्न रविवारी चर्चला जाणाऱ्यांवर बेतलेले आहेत. आपल्याकडे रविवारच्या वंदनेला पंधरा-वीस जण, त्यातही महिलाच जास्त. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो. यातली कोणती उपस्थिती धरायची? विहाराच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत एमपीएससीची पुस्तके घेऊन बसलेला मुलगा वंदनेला येत नाही. त्याला शून्य गुण द्यायचे का?

दुसरी चूक मात्र आपलीच आहे. २०११ मध्ये बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, देशाची सुमारे ७३. भाषणांत हा आकडा थेट धम्माच्या खात्यावर जमा होतो. पण बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये काढली, धम्मदीक्षेच्या अकरा वर्षे आधी. आरक्षण आणि शहरांकडचे स्थलांतर यांचाही वाटा आहेच. परिणामालाच भांडवल म्हटले, तर सिद्ध काहीच होत नाही.

त्यापेक्षा एकाच तालुक्यातली, जमीन आणि रोजगार सारखा असलेली गावे घ्यावीत: काही चालत्या विहाराची, काही कुलूपबंद विहाराची. दहा वर्षे त्यांच्याकडे पाहावे. प्रश्न साधे असावेत. विहाराची किल्ली कुणाकडे असते? जमाखर्च फलकावर लागतो का? हुंडा घेणाऱ्याला समितीवर घेतात का? अभ्यासिकेत दुसऱ्या समाजाची मुले बसतात का? हे काम आपल्याच समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना करता येईल. फक्त जमाखर्चाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला काही समित्या राजी होणार नाहीत. त्या नकाराचीही नोंद करावी.