कडू काडीची परीक्षा

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिरड शहापूरला आमच्या अंगणात कडूलिंब आहे. सकाळी त्याची काडी चावल्याशिवाय आजोबा चहाला शिवत नाहीत. मीही तेच करीत असे. कॉलेजात आल्यावर मैत्रिणी हसल्या, "अजून दातवण करतेस?" दुसऱ्याच दिवशी मी ब्रश विकत आणला. परंतु मनात प्रश्न राहिला. मी काडी सोडली ती विचार करून, की लाजून?

दात किडतात कसे? तोंडातील 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' नावाचे जंतू साखरेवर जगतात, दातावर चिकट थर जमवतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे टणक कवच झिजते. वनस्पतींचा अर्क या जंतूंवर चालतो की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि अर्कात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवायची. अर्कात गुण असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळे वर्तुळ दिसते. कडूलिंबाच्या अर्काभोवती असे वर्तुळ अनेक प्रयोगांत दिसले आहे. बाभळीच्या सालीत तुरट टॅनिन असते. लवंगेतील युजेनॉल तर दंतवैद्य स्वतः वापरतात. सुश्रुतसंहितेने दातवणासाठी कडू झाडांत कडूलिंबच श्रेष्ठ मानला आहे. मग आजोबांना हसणारे आपण कोण?

पण मित्रमैत्रिणींनो, येथेच थांबलो तर आपणही फसू. बशीतले वर्तुळ म्हणजे निरोगी दात नव्हे. तोंडात लाळ अर्क धुऊन नेते आणि जंतू थरात दडून बसतात. काडीत पेस्टमधले फ्लोराइड नसते. जोराने घासली तर हिरडी सोलते. आणि एकदा किडलेला दात कोणत्याही पाल्याने भरून येत नाही.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमची आजी काडी वापरत नाही, ती मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळायची. मी लहान असताना माझी दाढ दुखली, तेव्हा तिने मायेने चिमूटभर मिश्री माझ्याही दाढेला लावली होती. महाराष्ट्रातील कितीतरी बायकांचे व्यसन असेच, दातदुखीच्या निमित्ताने सुरू होते. तंबाखूही वनस्पतीच आहे, मिश्रीही घरगुतीच आहे. पण तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. कारखान्याला कायदा लागू पडतो. चुलीवरच्या तव्याला कोणता कायदा लावणार?

म्हणून मला वाटते, गावाकडचे म्हणून हसू नये आणि गावाकडचे म्हणून पुजूही नये. कडूलिंब आणि मिश्री दोन्ही एकाच अंगणातल्या. एक परीक्षेत बऱ्यापैकी उतरली, दुसरी साफ नापास झाली. हा निकाल 'जुने' किंवा 'नवे' या शब्दांनी लागत नाही, तो तपासूनच लागतो.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी यात काय करणार, असे कोणी विचारील. वर्तुळ मोजण्याचे काम विज्ञानशाखेचे. पण ते आजीला तिच्या बोलीत सांगणार कोण? भाषा शिकतो ती कशासाठी? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एक दुपार बायकांमध्ये बसून मिश्रीविषयी बोलावे, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

दिवाळीत मी आजीशी बोलले. ती म्हणाली, "इतकी वर्सं लावली, आता काय व्हतंय?" तिने डबी टाकलेली नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीची दाढ दुखली तेव्हा तिने डबी उघडली नाही, मला हाक मारली. आम्ही बहिणीला दवाखान्यात नेले.