लिखाणावरचा शेवटचा हात



या अंकासाठी अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन या तालुक्यांतून बरंच लिखाण आलं. काही वहीच्या पानांवर, काही बैठकीच्या अहवालाच्या पाठकोऱ्या बाजूवर, काही मोबाईलवर काढलेल्या फोटोतून. बायका लिहित्या झाल्या याचा आनंद आहेच. पण बहुतेक मजकूर ज्या दिवशी लिहिला त्याच दिवशी पाठवलेला असतो, आणि खाली एक ओळ ठरलेली: "घाईत लिहिलंय, तुम्ही नीट करून घ्या."

आज या ओळीबद्दलच बोलायचं आहे.

संपादक कितीही आपली असली तरी अर्धं सोडलेलं वाक्य ती तिच्या भाषेत पूर्ण करते. "मुकादमानं उचलीसाठी दारात ट्रॅक्टर उभा केला" याचं "आर्थिक शोषण झाले" होतं. "नवऱ्यानं टाकलेली" बाई "परित्यक्ता" होते. छापून आल्यावर मजकूर अगदी स्वच्छ दिसतो, पण कोणत्या गावची बाई बोलते आहे ते कळत नाही. आपली भाषा गावंढळ म्हणून हसणाऱ्यांशी आपण भांडतो, आणि तीच भाषा पुसायचं काम आपणच दुसऱ्याच्या हाती देतो. मजकूर स्वतः दोनदा-तीनदा वाचून पक्का केला असला की त्यात परका हात घालायला जागाच उरत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नका, ते आम्ही बघू. तुमच्याशिवाय कुणालाच करता येणार नाही असं काम वेगळं आहे. सीड प्लॉटवरच्या कामाबद्दल "मजुरी फार कमी मिळते" असं लिहून येतं. किती? रोजानं की उक्त्यानं? शेजारच्या वाफ्यात पुरुषाला किती? घरून किती वाजता निघता, परत कधी येता? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो, हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की लिहायचंच राहून जातं. दुसऱ्या वाचनात ते आठवतं.

याहून नाजूक गोष्ट पोलीस-कोर्टाची. "आम्ही केस केली" या तीन शब्दांत काय काय दडलेलं असतं! ठाण्यात अर्ज दिला, की एन.सी. झाली, की एफ.आय.आर.? एन.सी.वर पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. त्यामुळे "गुन्हा दाखल झाला" असं छापलं आणि प्रत्यक्षात एन.सी.च असली, तर वाचणारी दुसरी बाई त्या भरवशावर घरी बसून राहते. "४९८" आपल्या तोंडात बसलंय, पण १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम लागतं. आरोपी जामिनावर बाहेर आला तर "सुटला" लिहू नका. आणि मारहाण पोळ्याला झाली की नागपंचमीला, हे कागद समोर ठेवून तपासा. उद्या समोरच्या वकिलाच्या हाती आपला अंक पडला आणि त्यात तारीख वेगळी निघाली, तर उलटतपासणीत उत्तर त्या बाईला द्यावं लागेल, लिहिणारीला नाही.

ओळखीचंही तसंच. नाव बदललं की झालं, असं आपण धरून चालतो. "अमुक वस्तीवरची, आठवीत शिकणारी, तीन बहिणींतली मधली" एवढ्यावर अख्ख्या गावाला पोरगी कळते. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोच्या २३ व्या कलमानुसार शाळा, घर, परिसर, काहीही देता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोरीला त्याच गावात राहायचं आहे.

कुणी म्हणेल, दिवसभर खुरपून आलेल्या बाईनं आता मजकूरही घासायचा का? मला हा आक्षेप खरा वाटतो. म्हणून हे काम एकटीनं करू नका. बचतगटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. कुठे बायकांची चुळबुळ होते, कुठे कुणी "असं नव्हतं गं" म्हणतं, तिथे खूण करा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं आणि तिलाच परत वाचून दाखवावं. आपला अंक तिमाही आहे, रोजचा पेपर नाही. या अंकात नाही आलं तर पुढच्या येईल.

राग निघून जाईल, अशी भीती मात्र बाळगू नका. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर बायकांवर जी चिखलफेक चालली होती, तिचा संताप त्यात आहे. पण ताराबाई नुसत्या संतापत नाहीत. बायकांवरचा एकेक आरोप उचलतात आणि तोच पुरुषांना लावून दाखवतात. तेव्हा टीका झाली, जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, आणि पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं, तेव्हा ताराबाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. मांडणी त्यांनी स्वतः पक्की केलेली होती. तेव्हाच्या एखाद्या संपादकानं "नीट करून" घेतलं असतं तर त्यातल्या किती शिव्या टिकल्या असत्या, असं मला नेहमी वाटतं.

पुढचा अंक कोयत्यावर जाणाऱ्या बायकांवर आहे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहा. लिहून झाल्यावर निदान आठवडाभर घरी ठेवा, पुन्हा वाचा. बोलीतले शब्द मुद्दाम ठेवले असतील तर त्याखाली रेघ मारा, म्हणजे आम्ही हात लावणार नाही. आणि शेवटी एक ओळ जरूर लिहा: ज्या बाईची हकीकत आहे तिला हे वाचून दाखवलं का, आणि तिनं काय काढायला सांगितलं.