हायड्रोजनला नाथसागराचे पाणी कशाला?

शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे विद्युत अपघटन तुम्ही पाहिले असेल. पाण्यात सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकायचे, दोन विद्युतअग्रे बुडवायची आणि बॅटरी जोडायची. ऋणाग्रावर हायड्रोजनचे आणि धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे येऊ लागतात. हाच प्रयोग आता कारखान्यांत करायचा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. सूर्य व वारा यांच्या विजेवर २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

मराठवाड्यात हे सांगितले की लगेच प्रश्न येतो, ‘पाणी कोठून आणणार?’ प्रश्न रास्त आहे. छत्रपती संभाजीनगरला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. आणि नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. उद्या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात असा कारखाना यायचा ठरला, तर काय करावे? माझ्या मते तो जरूर यावा, पण त्याला पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही देऊ नये. हे मी केवळ कळकळीने म्हणत नाही. त्यामागे रसायनशास्त्र आहे.

शाळेत आपण पाण्यात आम्ल का टाकतो? शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही म्हणून. नव्या यंत्रांत मात्र पाणी अगदी शुद्ध लागते! मग वीज वाहते कशी? तर तेथे आम्ल पाण्यात नसून पडद्यात असते. प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचा हा पातळ पडदा म्हणजे आयन-विनिमय पटल. त्याच्या लांबलचक रेणूंना सल्फोनिक आम्लाचे गट पक्के चिकटवलेले असतात. या गटांचा ऋणभार जागचा हलत नाही. त्यांच्याजवळचे हायड्रोजन आयन मात्र एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकत ऋणाग्रापर्यंत पोचतात. शिवाय पडदा दोन्ही वायूंना वेगळे ठेवतो. ते मिसळले तर स्फोटाचे भय असते.

आता बोअरचे पाणी तापवलेले पातेले आठवा. तळाशी पांढरा थर बसतो. तो मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचा. हेच कॅल्शियमचे आयन पडद्यात शिरले, तर प्रत्येक आयन दोन हायड्रोजन आयनांना हुसकून त्यांची जागा बळकावतो. मार्ग अडतो, वीज जास्त लागते आणि पडदा निकामी होऊ लागतो. धरणाच्या पाण्यातही हे क्षार असतातच. म्हणजे नळाचे पाणी आपल्याला कितीही गोड लागले, तरी यंत्राच्या दृष्टीने ते अशुद्धच! ते आयनविरहित केल्याखेरीज आत सोडताच येत नाही. पाणी कोठलेही घेतले तरी शुद्ध करावेच लागणार असेल, तर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी का घेऊ नये? कांचनवाडीला महापालिकेचे प्रक्रिया केंद्र आहेच.

‘सांडपाणी शुद्ध करायला खर्च फार येईल,’ असे कोणी म्हणेल. हिशेबच करू. १ किलो हायड्रोजनला रासायनिक समीकरणानुसार ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात जाणारे व यंत्रे थंड ठेवण्याचे पाणी धरून ३० लिटर समजू. वीज लागते सुमारे ५० युनिट. समुद्राचे खारट पाणी गोडे करायलासुद्धा १,००० लिटरला ३ ते ४ युनिट पुरतात. त्या दराने ३० लिटरला जेमतेम ०.१ युनिट! सांडपाण्यात क्षार त्याहून पुष्कळच कमी. यंत्रसामग्रीचा आणि देखरेखीचा खर्च वेगळा येईल हे खरे, पण तेवढ्यासाठी लोकांच्या हंड्यात हात घालण्याचे कारण नाही. रोज १० टन हायड्रोजन करणाऱ्या कारखान्याला ३ लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे १०,००० लिटरचे ३० टँकर. दुष्काळात ३० टँकर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या मुलांना मी सांगायला नको.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर खालच्या अंगाची शेती अवलंबून असू शकते. तिचा वाटा आधी ठरला पाहिजे. आणि शुद्धीकरणात उरणारे खारट पाणी नाल्यात सोडता कामा नये.

अशाच पटलांचा दुसरा उपयोग कार्बन डाय-ऑक्साइडपासून इथिलीनसारखी उपयोगी रसायने बनवण्यासाठी होऊ शकेल. तेथे ऋण आयन जाऊ देणारे पटल वापरले, तर बराच वायू कार्बोनेट होऊन पडद्यातून पलीकडे निसटतो, आणि धनाग्रापाशी पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. हा तोटा कसा टाळावा यावर जगभर संशोधन चालू आहे. तुमच्यापैकी कोणी त्यात का पडू नये? मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र २०१८ पासून शेजारच्या जालन्यातच आहे.

तोवर एवढे करा. हायड्रोजनच्या कारखान्याची बातमी वाचाल, तेव्हा तो किती टनांचा हे तर पाहाच, पण त्याचे पाणी कोठून येणार हेही विचारा. ‘धरणातून’ असे उत्तर आले, तर ‘का?’ हा पुढचा प्रश्न विचारायला कचरू नका.